आधी सुनेला काढ

सुनंदा, माझी सून, ओट्याखाली पडली होती आणि मला तिच्यापर्यंत सरकता येत नव्हतं. दोन हात अंतर. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, दम्याचा... मग तोही थांबला. मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी. पुढचं आठवत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. चौथी शिकलेय, पण अक्कल आहे. घडलं तेवढं सांगते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कोपरखैरणे, केमिकल कंपन्यांच्या शेजारी, तिसरा मजला. घरात मी आणि सून. मुलाने कुवेतहून ओव्हन आणला आणि सुट्टी संपवून परत गेला. ओव्हन आतून आपला आपण साफ होणारा – बटण दाबलं की दार लॉक, आत एवढी धग की तेलकट मळाची राख.

"आई, हा स्वतःच आंघोळ करतो," सुनंदा म्हणाली.

"मग माझं लुगडंही टाक त्यात," मी म्हटलं.

ओव्हनसोबतच्या पुस्तकात सगळं होतं – जाळ्या, भांडी बाहेर काढा, सांडलेली चरबी पुसा, खिडक्या उघड्या ठेवा, दमेकऱ्याने जवळ थांबू नये. मुलाने ते मला नंतर वाचून दाखवलं. नंतर! त्या दिवशी सुनंदाने साफसफाईचं बटण दाबलं तेव्हा नॉनस्टिक तवा आतच होता, तळाला कोंबडीची चरबी तशीच.

दुपारी उग्र वास सुटला. आमच्याकडे अशा वासाचा एकच अर्थ – "कंपनीने गॅस सोडला!" मी उठून सगळ्या खिडक्या लावल्या, कड्या घातल्या, फटींत ओली फडकी कोंबली. याच हातांनी. धूर दिसला तेव्हा सुनंदा आत धावली, मी तिच्यामागे.

तळमजल्यावरच्या हमीदाने माणसं आणून दार तोडलं. हॉस्पिटलात मी तिला विचारलं, "तुला कळलं कसं गं?"

"काय आक्का! तुमीच खिडकीतून ओरडत होत्या ना? 'हमीदा, वर ये, आधी सुनेला काढ!' मी खाली कपडे वाळत घालत होते."

"मी जमिनीवर पडले होते."

"या डोळ्यांनी बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी."

पण ती वर आली तेव्हा खिडकीला कडी होती, फडकी तशीच कोंबलेली. काच तिनेच फोडली.

दारात मी आडवी, म्हणून त्यांनी आधी मला ओढलं. हमीदा अजून त्यावर रडते. मी म्हणते, रडून काय होतंय? मला ओलांडून कशी गेली असतीस?

खिडकीत कोण उभं होतं, मला माहीत नाही. पुष्कळ विचार केला, आता करत नाही.

सुनंदा गेली, अठ्ठावीस वर्षांची. मी वाचले.