उशिरा येणाऱ्यांची पेटी

नेरच्या आमच्या गल्लीत वामनरावांना यमाचा कारकून म्हणत. हे नाव कोणी ठेवले ते विचारू नका, गल्लीत जिभांची कमतरता नाही. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ, ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव. त्यांना गावासाठी शीतपेटी हवी होती. गेलेले माणूस दोन-तीन दिवस थंड ठेवते ना, काचेच्या झाकणाची, ती.

कारण त्यांच्या घरातच घडले होते. ऐन मे महिन्यात त्यांच्या पत्नी सुचित्राबाई गेल्या आणि मुलगा सलील कॅनडात. निघालो म्हणाला. गल्लीने बर्फाच्या लाद्या आणल्या, खाली लाकडाचा भुसा पसरला, होते नव्हते तेवढे पंखे लावले. पण आमच्याकडचे ऊन बर्फाला काय जुमानते? शेवटी चार म्हाताऱ्यांनी वामनरावांच्या कानात सांगितले, आता थांबवत नाही. सलील पोचला तेव्हा चिता विझली होती. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "एक दिवस नाही थांबलात, बाबा?"

तेव्हापासून त्याचा दर रविवारी फोन. बरे आहात? बरा आहे. औषध घेता? घेतो. मग दोन्हीकडे नुसता श्वास.

अशात मूळचे नेरचे, नागपुरात नाव काढलेले एक डॉक्टर मंडळाला म्हणाले, पेटीची निम्मी किंमत दिवाळीपर्यंत गावाने जमवा, निम्मी मी घालतो. गावाचे निम्मे झाले नाही, तर माझा एक रुपयाही नाही.

वामनराव पावतीपुस्तक घेऊन दारोदार निघाले. आता सांगा, सणासुदीत मढ्याच्या पेटीला वर्गणी कोण देतो? कापसाचे व्यापारी म्हणाले, शुभ कामाला या. एका घरी तर ते पायरी उतरले न उतरले तोच बाईने मागून पाणी शिंपडले. पूर्वी चार घरी चहा मिळायचा, तोही बंद झाला. लोक त्यांना लांबून पाहून आत जाऊ लागले, आणि संध्याकाळी त्यांच्या अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक रिकामीच राहू लागली.

दुसरीवर बसायचे ते समोरचे मारोतराव, कपाशीवाले, तेही अधूनमधून. एकदा टोमणा मारून गेले, "आमी मेल्यावर आमाले थंड का गरम, काय समजते? ज्या पोराले याले उशीर होते, त्याले मागा ना."

मारोतरावांनी टोमणा मारला, वामनरावांनी तो उचलला. गावाबाहेर गेलेल्या पोरांचे नंबर गोळा केले. पुणे, बंगळूर, सुरत. नेरहून अनोळखी फोन आला की पोरे घाबरतात हे पहिल्याच फोनला कळले, म्हणून आधी म्हणायचे, "तुझे आईबाबा ठणठणीत आहेत." मग आपली मे महिन्याची गोष्ट सांगायचे, नाव न घेता. थोड्याच वेळात मंडळाच्या खात्यात पैसे यायचे. डॉक्टरांनीही हा पैसा गावाचाच धरला. काही पोरे नंतर उलट फोन करू लागली, काका, आई जेवते का नीट? वामनराव जाऊन पाहून यायचे. लोकांच्या लेकरांशी ते स्वतःच्या लेकरापेक्षा जास्त बोलत होते.

मग एका सकाळी मारोतराव अंगणात उभे.

"माह्या अमरले फोन केलता तुमी? दोन सालापासून चष्म्याले पैसे मांगून राह्यलो, देत नाही. अन् पेटीले पाच हजार? मी मरून राह्यलो असं सांगतलं का त्याले?"

गल्ली आठवडाभर हसली. मारोतराव मात्र यायचे बंद झाले. दुसरी खुर्चीही रिकामी.

दिवाळी तोंडावर आली तरी थोडे कमी पडत होते. सगळ्यांच्या पोरांना फोन झाले होते. एकच राहिला होता. रविवार नसताना वामनरावांनी सलीलला फोन लावला आणि सवयीने म्हणून गेले, "तुझे बाबा ठणठणीत आहेत."

सलील गोंधळला. वामनरावांनी पेटीचे सांगितले, डॉक्टरांची अट सांगितली.

"किती दिवस राहतं त्यात, बाबा?"

"तीन."

"मग मला पोचता येईल."

दिवाळीलाही तेवढ्याच दिवसांत पोचता येते, हे वामनरावांच्या ओठापर्यंत आले होते. पण डॉक्टरांची मुदत होती, गावाची पेटी होती. ते बरं म्हणाले. फोन ठेवेपर्यंत उरलेली सगळी रक्कम जमा झालीसुद्धा.

संध्याकाळी बातमी गल्लीभर झाली. मारोतराव राग विसरून आले, जुन्या चष्म्यातून त्यांनी वामनरावांकडे पाहिले.

"जमलं म्हंते. सलीलनं देल्ले?"

"हो."

"येते का मंग तो?"

"येतो म्हणाला."

"कवा?"

"मी पेटीत गेलो की."

मारोतरावांकडे प्रत्येक गोष्टीवर एक टोमणा तयार असायचा. त्या दिवशी त्यांनी नुसती खुर्ची जवळ ओढली. समोरच्या घरातून जेवायला हाक आली, तरी उठले नाहीत.