दोन आत, चार बाहेर

फोरमनकाका जिना चढताना दर मजल्यावर काहीतरी खोट काढायचे. पहिल्या मजल्यावर "ह्या चपला कुनाच्या?", दुसऱ्यावर मीटरच्या पेटीचं उघडं दार. थेरगावातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून ही तपासणी चाललेली असते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर मी त्यांना खडूस ठरवून मोकळी झाले होते.

भोसरीच्या एका लोखंड ओतायच्या फाउंड्रीत ते फोरमन आणि माझे बाबा त्यांच्या हाताखाली मोल्डर. साच्यांच्या वाळूची धूळ दोघांनीही आयुष्यभर छातीत भरून घेतली. निवृत्तीनंतर दोघांनाही फुप्फुसाचा एकच आजार निघाला, बरा न होणारा. फरक एवढाच की काका आजाराशी भांडत होते आणि बाबांनी हात टेकले होते. बाबा घराबाहेर पडेनासे झाले. औषधाचा पंप तेवढा वेळेवर ओढायचे, पण व्यायामाचं नाव काढलं की म्हणायचे, "श्वास घ्यायला आता शाळेत जाऊ का?"

मग काकाच शाळा घेऊन घरी आले. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडून ते शिकले होते. खांदे सैल, एक हात पोटावर. मनात दोन म्हणेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून, चार म्हणेपर्यंत हळूहळू सोडायचा. बाबा नुसती हवा आत ओढायला बघायचे. काका करवादायचे, "आरं शंकर, साच्याला सळईनं भोकं कशापायी पाडायचास? वाफ भायेर जायला नं? मंग तिथं कळायचं, हितं कळंना व्हय?" चाळीस वर्षं ते काम केलेल्या माणसाला हे मात्र एका झटक्यात पटलं.

'थोडं थोडं करा, दिवसातून दोन-तीनदा,' असं त्या मुलीने बजावलं होतं. पण काकांच्या अंगात प्रॉडक्शन मुरलेलं. पुतणीचं लग्न आलं, तेव्हा गडबडीत खाडा नको म्हणून त्यांनी तीन दिवसांचा कोटा एकाच सकाळी उरकायला घेतला. आमच्याच सोफ्यावर त्यांना गरगरलं आणि ते कलंडले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणतात कसे, "ओव्हरटाइम चालत न्हाई वाटतं ह्यात." बाबा खो खो हसले. हसता हसता खोकला लागला, तर कुणी न सांगता ओठांचा चंबू करून त्यांनी तो आवरला. बाबांना हसताना मी किती महिन्यांनी बघत होते.

हळूहळू बाबा न घाबरता आंघोळ उरकू लागले. आजार होता तिथेच होता, पण त्याची दहशत ओसरली. उंबरा ओलांडायला मात्र ते तयार नव्हते. एकदा मी काकांना म्हटलं, "तुम्ही कशाला एवढे जिने चढता? मी बाबांना खाली आणते की."

"त्यो ईल का?" काका म्हणाले. "दम लागल्याला लोक बघत्याल, ह्याची लाज वाटती त्याला. मलाबी वाटती, पोरी. म्हनून तर चपला बघत वर येतो." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हे अगदी हळू बोलला.

गेल्या हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मला फार पोरकं वाटलं. बाबांना धरून मी काकांच्या घरी नेलं. काकू म्हणाल्या, "सोमवारपासनं पुनावळ्याच्या बाळूकडं ह्योच श्वास शिकवाया जानार व्हते. तुमच्याच खात्यातला, आजारबी त्योच. आता त्योबी दार लावून बसलाय म्हनं, कुनाला तोंड दावत न्हाई." घरी आल्यावर दोन दिवस बाबा काकांविषयी एक शब्द बोलले नाहीत. आता बाबाही पुन्हा मिटून जाणार, या धास्तीने मी ते दोन दिवस काढले.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

"पुनावळ्याला रिक्षा कर," म्हणाले. "बाळू लाजतो. तो काही येणार नाही, आपल्यालाच जायला हवं."