काशीतून कुणी निघत नाही

आमच्या घरात यात्रा हा शब्द एकाच दिशेनं चालतो. लोक यात्रेला येतात, आपण त्यांची सोय करतो. सांगली, सातारा, नागपूर, कुठून कुठून माणसं मुन्शी घाटाजवळच्या आमच्या गल्लीत सामान ओढत यायची. आधी वडिलांनी आणि नंतर धाकट्या भावानं त्यांच्या पूजा आणि श्राद्धं केली. मी शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि शाळेतून आल्यावर त्या माणसांच्या गाद्या घातल्या, पाणी तापवलं, पिठलं-भात वाढला. कुणी रामेश्वर करून आलेलं असे, कुणाला इथून पुढे नेपाळला जायचं असे. त्यांच्या गप्पा ऐकून निम्मा देश मला तोंडपाठ झाला. पाहिला मात्र नव्हता.

निवृत्त झाल्यावर एक दिवस जेवताना मी सांगून टाकलं की मी बँकॉकला जाणार, तिथून अयुथ्येला, आणि मग कंबोडियात अंगकोरची देवळं बघायला. एकटी. भावाचा घास हातातच राहिला. मी कुठल्या तरी टूरवाल्याच्या जाहिरातीला भुलले, असं त्याला वाटलं.

जाहिरातीचा काही संबंध नव्हता. सारनाथला दर थंडीत थायलंडची माणसं बस भरभरून येतात. पांढरे कपडे, हातात कमळाच्या कळ्या, बायकाच जास्त. घर सोडून इतक्या लांब कशाला आलात, असं त्यांना कुणी विचारत नाही. इतकी वर्षं ती येताहेत, तर आपल्यातलं एक माणूस एकदा त्यांच्याकडे जाऊन आलं तर काय बिघडलं, एवढंच माझं म्हणणं होतं. येणं-जाणं म्हणतात ना, त्यातलं जाणं आमच्या घरानं कधी केलंच नाही.

भावाची मुलगी विद्यापीठात शिकते. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरते. ती माझ्या बाजूची. तिनं लॅपटॉपवर बँकॉकची हॉटेलं काढली आणि आम्ही दोघी रोज संध्याकाळी ती चाळत बसायचो. मी जन्मभर परक्या माणसांच्या मुक्कामाचं बघितलेलं, त्यामुळे गुबगुबीत पलंगांच्या फोटोंना भुलणारी नव्हे. मी आधी न्हाणीघर बघायची. बादली कुठंच दिसेना.

हॉटेल ठरल्यावर त्यांना लिहायचा मजकूर मी भाचीला तोंडी सांगितला. यात्रेकरू आम्हाला कळवतात, अगदी तसाच. आम्ही काशीचे, येणार एक स्त्री, कांदा-लसूण चालत नाही, पहाटे स्नानाला गरम पाणी लागेल, ओले कपडे वाळत घालायला दोरी हवी, गोत्र अमुक. गोत्राशी आल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "आत्या, होटल है. वहाँ कौन-सा तर्पण करवाना है?" गोत्र मी काढलं, दोरी काढली नाही. त्यांचं फार नम्र उत्तर आलं. दोरीची व्यवस्था नाही, पण कपडे धुऊन मिळतील, आणि थोडे पैसे जादा भरल्यास नदी दिसणारी खोलीही देता येईल. मी कळवलं की नदी मी जन्मापासून बघते आहे, मला रस्त्याकडची द्या. मला खिडकीत बसून असा रस्ता बघायचा होता, जिथं मी कुणाची मुलगी आणि कुणाची बहीण हे एकाही माणसाला ठाऊक नाही. हे भाचीला मी सांगितलं नाही, पण त्या विचारानंच मला इतका आनंद व्हायचा की मी उठून उगाच चहा टाकायची.

भाऊ रोज नवी हरकत काढायचा. तिकडचं खाणं, तिकडची भाषा, आपल्याकडे पूजेला येणारे यजमान काय म्हणतील. मी एकेक निकालात काढत गेले. मग एकदा देवपूजा आटोपून तो माझ्यासमोर येऊन बसला आणि खरं काय ते बोलला. गेल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट घातला होता.

"ताई, लोक इथं मरायला येतात, आणि तू या वयात बाहेर निघतेस. वहाँ कुछ हो गया तो? काशीतलं माणूस हॉटेलात गेलं, हे मी सहन करू?"

आमच्या आईनं म्हातारपणी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, अशी शपथ. त्यानंतर ती नदीपलीकडे रामनगरलासुद्धा गेली नाही. पलीकडे मेलं तर गाढवाचा जन्म येतो म्हणतात. मीही आता तेच करावं, असं भावाच्या मनात होतं. मुहूर्तही काढून ठेवला होता त्यानं. मला त्याची माया कळत होती आणि म्हणूनच जास्त राग आला. इतकी वर्षं मला घरात अडकवायला कामं होती, आता मोक्ष लावला होता. मी त्याला सांगितलं की मी मरायला नाही, बघायला चालले आहे, आणि मोक्ष काही पळून जात नाही. तो उठून गेला. चार दिवस आमच्यात मिठापुरतं बोलणं होतं.

त्या दिवसांत मला त्याची सोडमुंज आठवत राहिली. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीला नवे कपडे, जोडे घालून, छत्री-काठी घेऊन म्हणतो, मी काशीला चाललो. मग मामा त्याला दारात अडवतो, जाऊ नकोस, माझी मुलगी देतो, म्हणतो, आणि मुलगा परत फिरतो. ठीक आहे, पुण्यात हे शोभतं. आम्ही काशीतच. भाऊ छत्री घेऊन उंबऱ्याबाहेर पडला, पायांत मोठे झालेले जोडे वाजवत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, मामानं हात धरला आणि स्वारी लगेच माघारी. तो आधीच काशीत आहे, तर निघाला कुठं, असं मी विचारल्यावर सगळे हसले. मग मी विचारलं, मी निघाले तर मला कोण अडवणार?

मामा म्हणाला, "पोरींना कशाला अडवायचं? पोरी कुठं जातात?"

त्यावर आणखी मोठ्यानं हसले. मीही हसले होते बहुतेक. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन खाली आले. बॅगेत नायलॉनची दोरी होती. भाऊ दारात उभा होता. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, एक हात चौकटीवर.

"थांब ना ताई," तो म्हणाला. "वरची खोली तुला देतो. गंगेकडची. आजपासून तिथं एकही यात्रेकरू उतरवणार नाही."

ती खोली मी त्याच्याकडे किती वर्षं मागत होते. दर वेळी कुणीतरी यजमान यायचे असायचे.

मी त्याच्याकडे बघत राहिले. केस पिकलेला, पोट सुटलेला माझा धाकटा भाऊ आमच्या मामासारखा दार अडवून उभा होता, आणि तसंच काहीतरी देऊ करत होता. मला हसू आलं. साठी उलटल्यावर का होईना, मला अडवावं असं कुणाला तरी वाटलं होतं. म्हणजे मी खरोखरच निघाले होते.

"खोली झाडून ठेव," मी म्हटलं. "आल्यावर राहीन."

त्यानं चौकटीवरचा हात काढला नाही. मी त्याच्या हाताखालून वाकून उंबरा ओलांडला आणि मागं न बघता "येते" म्हटलं. गल्लीच्या तोंडाशी, भाऊ सोडमुंजीला जिथून माघारी फिरला होता, तिथं भाची ई-रिक्षा थांबवून उभी होती. मी बॅग आत ठेवली आणि बसले.