वैनीच्या जीपचा पट्टा

“माझ्या गाडीत रडायचं नाय. रडायचं तर उतरायचं, रडून घ्यायचं, मग चढायचं.”

हे ती तान्ह्या पोरालाही सांगे आणि मुंबईला निघालेल्या लेकाला हातखंब्याच्या तिठ्यावर सोडून परत येणाऱ्या आईलाही. सांगताना मागे बघत नसे. एकदा तिनं एका माहेरवाशिणीला खरोखरच रस्त्यात उतरवलं. ती कातळाच्या सड्यावर उभी राहून रडली, पदरानं तोंड पुसून परत चढली, आणि मगच गाडी हलली.

तिला सगळे वैनी म्हणत. मीही म्हणायची, खरं तर ती माझ्याहून फार मोठी नव्हती. मी तेव्हा जयगडच्या अलीकडच्या एका गावात शिक्षिका होते. रोज सकाळी हातखंब्याला तिच्या जुन्या डिझेल जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायची. ती जागा तिनंच मला दिली होती. “बाई पुढं बसतील. त्यांच्यासमोर मला शिव्या कमी येतात,” म्हणायची. कमी म्हणजे किती, ते पुढे बसणाऱ्यालाच कळायचं.

तुम्ही तिला पाहिलं असतं तर आधी घाबरला असता. बोलण्याआधी तिचा हात चाले. दरवाजा नीट लागला नाही तर ती त्याला लाथ घाली. स्टँडवर एका जीपवाल्यानं तिच्या रांगेत गाडी घातली, तेव्हा तिनं खिडकीतून हात घालून त्याची गचांडी धरली आणि त्याला तसंच अर्धं बाहेर ओढलं. त्यानंतर तो तिला स्वतःहून वाट देऊ लागला.

जीप तिच्या वडिलांनी तिच्या नावावर घेऊन दिलेली, पण चालवायचा नवरा. तो प्यायचा आणि तिला मारायचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे कुणी काही करत नव्हतं. एका दुपारी तिनं त्याला अंगणात पाडलं आणि कोयत्याच्या उलट्या बाजूनं बडवून काढलं. त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली. तो उठून जो मुंबईला गेला तो गेलाच. मग ती गाडी चालवायला शिकली. चाक बदलणं, तेल बदलणं, ब्रेक आवळणं, सगळं स्वतः करायची. इंजिनाचा पट्टा तेवढा मात्र हातखंब्याचा गॅरेजवालाच बदलायचा.

तो पट्टा काही दिवस ओरडत होता. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून मांजराची शेपटी चिरडल्यासारखा आवाज यायचा. मी विचारलं, तर म्हणाली की गॅरेजवाला आपल्या गावी गेलाय, आला की टाकून घेऊ. मला नवल वाटलं, पण तिला दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या सकाळी गाडी भरलेली होती. मागे फातिमा होती, जयगडची मासेवाली. पाट्या रिकाम्या करून घरी परतत होती. बंदराकडे उतरणाऱ्या वळणांवर आम्ही आलो, डाव्या हाताला जांभ्या दगडाची कापलेली दरड, उजव्या हाताला दरी. समोरून बंदरातले ट्रेलर एकामागून एक चढत होते.

बॉनेटखाली बंदूक उडावी तसा आवाज झाला. मग आत कुणी चाबूक ओढतंय असे फटके. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. वैनीनं स्टेअरिंग डावीकडे वळवलं, पण ते वळेना. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी थोडी अडखळली. दुसऱ्यांदा दाबला तर पायाखाली दगड असावा तसा तो जागचा हलला नाही. जीप वळण सोडून उजवीकडे, समोरच्या ट्रेलरच्या तोंडात निघाली.

“बाई, ओढा,” ती म्हणाली. ओरडली नाही.

मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग माझ्याकडे खेचलं. ती खालून लोटत होती. तिनं गियर पाडला तेव्हा इंजिन किंचाळलं. ट्रेलरचा आरसा आमच्या आरशाला तोडून गेला. मग जीप एकदम डावीकडे वळली, पुढे जाणाऱ्या एका मोटारसायकलला मागून धक्का देऊन तिनं तिला गटारात फेकलं, आणि दरडीला घासत निघाली. ठिणग्या उडाल्या, काच आमच्या मांडीवर सांडली. पुढचं चाक दगडावर आदळलं तेव्हा स्टेअरिंग उलटं गरकन फिरलं आणि वैनीच्या उजव्या हाताचं हाड मोडल्याचं मी ऐकलं. ओली फांदी मोडते तसं.

गाडी थांबली. बॉनेटमधून वाफ फुसफुसत होती. मागे सगळे रडत होते, आणि तिनं कुणाला उतरायला सांगितलं नाही. फातिमाचं कपाळ फुटून डोळा रक्तानं भरला होता.

मोटारसायकलवाला गटारातून उठला. त्याचे गुडघे सोलले होते. तो सरळ आला, दार उघडलं, वैनीचे केस धरून तिला रस्त्यावर ओढलं आणि थोबाडीत मारली. पुन्हा मारली. ट्रेलरमधून उतरलेले दोघेतिघे भोवती जमले. बायांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, म्हणाले. तिचा मोडलेला हात खाली लोंबत होता. मी मध्ये पडले, तर एकानं मला ढकललं.

फातिमा पाटी घेऊन उतरली. ती वेताची पाटी तिनं मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर अशी घातली की तो खाली बसला. मग ती रक्तानं माखलेल्या तोंडानं त्या सगळ्यांसमोर उभी राहिली. हिनं गाडी दरडीला घातली म्हणून आम्ही दरीत नाही, असं काहीतरी ती बोलली. शब्द मला नीट आठवत नाहीत. ते लोक मागे सरकले, एवढं आठवतं.

मदत येईपर्यंत आम्ही दरडीच्या सावलीत बसलो. एका ट्रेलरवाल्यानं बॉनेट उघडून आतून काळ्या रबराची चिंध्या झालेली पट्टी ओढून काढली. तो एवढासा पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, डायनॅमो फिरवतो, स्टेअरिंगला जोर देतो, आणि ह्या गाडीत ब्रेकचा जोरही त्या डायनॅमोच्याच पाठीवर असतो, असं त्यानं मला समजावलं. तो गेला की सगळंच जातं. त्यानं तो पट्टा वैनीपुढे धरला. ती एकदम मागे सरकली. मार खाताना ती सरकली नव्हती.

तो माणूस गेल्यावर ती हळू म्हणाली, “मी हा हातात धरत नाय, बाई. गाडीचा जुना पट्टा घरात खिळ्याला असायचा. नवरा मला त्यानंच मारायचा.”

थोड्या वेळानं फातिमाकडे न बघता म्हणाली, “माझ्यापायी तुझं डोकं फुटलं.”

फातिमानं तिच्या चांगल्या हातावर हात ठेवला. तो वैनीनं झटकला नाही.

हात मोडल्याचं मुंबईला कळलं आणि नवरा आला. मी तेव्हा तिला बघायला गेले होते. तो अंगणात उभा राहून गोड बोलत होता. आता तुझ्याच्यानं गाडी चालायची नाही, किल्ली दे, मी चालवतो, म्हणाला. किल्ली दाराशी टांगलेली होती. वैनी डाव्या हातानं नारळ सोलायला बसली होती. तो किल्लीकडे निघाला.

ती उठली. प्लास्टरचा हात छातीशी, डाव्या हातात कोयता, आणि ह्या वेळी त्याची धार पुढे होती.

“हात लाव,” ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोयत्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर तो थांबला होता. मग तो मागल्या पावलीच गेला.

तिचा हात वाकडाच जुळला. तरी तिनं गाडी पुन्हा काढली, आणि नवा पट्टा तिच्यासमोर बसवून घेतला. पट्टा बसेपर्यंत ती बॉनेटशी उभी होती. घामानं तिचं पोलकं भिजलं होतं. पुढे माझी बदली झाली.

गेल्या वर्षी ती तापानं गेली. फातिमाचा फोन आला तशी मी निघाले. अंगणात तिरडी बांधून तयार होती. नवराही आला होता, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. मडकं धरून पुढं व्हायचा मान माझा, असं तो भावकीला सांगत होता, आणि भावकी मान डोलवत होती.

तेव्हा जीपमधल्या बायका उठल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मासेवाल्या होत्या, शाळेतल्या मुलांच्या आया होत्या, रस्त्यात उतरवलेली ती माहेरवाशीणही होती. त्या तिरडीच्या चारी बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या. भावकीतला एक म्हातारा म्हणाला की बायकांनी खांदा द्यायची आपल्यात रीत नाही.

“आमच्यात पण नाय,” फातिमा म्हणाली, आणि वाकली.

मी तिच्या मागचा बांबू धरला. वैनी वाटली होती त्याहून हलकी होती. अंगणाबाहेर पडलो तेव्हा तिचा नवरा रस्त्याच्या पलीकडे, कुंपणाला चिकटून, चपला हातात घेऊन उभा होता. आम्ही तिला त्याच्यासमोरून नेलं.