अंकलचा मायक्रोस्कोप मी घासला

विल्सन अंकल मंगळवारी गेले आणि माझं सॉरी माझ्याकडेच राहिलं.

मूळचे वसईचे. इथे बहारीनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं.

मी त्यांचा कोणीच नाही. माझी पहिली नोकरी सुटली तेव्हा म्हणाले, "नवीन व्हिसा होईपर्यंत राहा." उम्म अल हस्सम भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर मी सात महिने राहिलो.

टीव्हीशेजारी त्यांचा लाडका मायक्रोस्कोप असायचा. पितळी, वीतभर उंच. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांसाठी बनवलेला. फोकसला स्क्रू वगैरे नाही, नळी हातानेच खाली-वर करायची.

"नळीवर लॅकरचा सोनेरी थर आहे ना, तो इथे एवढाच झिजलाय बघ. कुणा पोराचा अंगठा. रोज इथेच धरायचा. नापास झाला असेल, तुझ्यासारखा."

"अंकल, मी नापास नाही. मी सोडलं."

"हां हां. यल्ला, डोळा लाव."

कांद्याचा पापुद्रा बघायचो. मग त्याच कांद्याची भुर्जी. अंकल भुर्जीत व्हिनेगर टाकायचे, त्यावरून आमचं रोज भांडण... असो.

अंगठ्याचं ते सगळं मी ऐकलं होतं. पण अर्धं लक्ष मोबाइलमध्ये.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ते मॉर्निंग शिफ्टला गेले. आमच्या घरी दिवाळीला पितळ चिंच-मिठाने घासतात. म्हटलं, सरप्राइज देऊ.

खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, चिंच आणली. तासभर घासला. लखलखीत.

अंकल आले. बूटही न काढता बघत राहिले.

"चमकतोय ना?"

"हो रे. नव्यासारखा."

मग सोफ्यावर बसले. चहा नको म्हणाले.

मला दोन दिवसांनी कळलं. नळीवर अंगठा कुठेच नव्हता. जुनं लॅकर एकदा गेलं की खलास.

सॉरी म्हणायला दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा त्यांनीच विचारलं, "काय रे, जेवलास?"

मी "हो" म्हणून परत फिरलो.

पुढे अदलियात कॅफेत नोकरी लागली. राहायलाही तिकडेच गेलो.

आज त्यांची मुलगी आन्सिला सामान बांधत होती. ती इथेच वाढली, आता दुबईत असते. मायक्रोस्कोप टॉवेलमध्ये गुंडाळता गुंडाळता रडायला लागली.

"व्हिडिओ कॉलवर मी खूप ओरडले रे त्याला. डॅडी, अँटिकला कोणी पॉलिश करतं का? आर यू मॅड? तो फक्त म्हणाला, सॉरी बेबी, मला हौस आली. देन आय डिडन्ट कॉल हिम फॉर अ मंथ."

टॉवेलचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

मी काहीच बोललो नाही.

एअरपोर्टवरही नाही. संध्याकाळच्या फ्लाइटने ती अंकलना वसईला घेऊन गेली.

म्हणून ही पोस्ट इथे लिहितोय.

आन्सिलाला मराठी कळतं, वाचता येत नाही. वसईच्या आंटी, तुम्ही तिची आत्या, तुम्हीच तिला हे वाचून दाखवा. तो मायक्रोस्कोप मी घासला होता. अंकलनी हातही लावला नव्हता.

तिने त्यांना जे जे सुनावलं, ते माझ्या वाट्याचं होतं.

अंकल, सॉरी.

सांभाळून जा घरी.