प्लेटच्या कोपऱ्यातला डाग

आमच्या भिंगाला कोणी डोळा लावत नाही, हे घरी समजावून सांगताना माझा बराच काळ गेला. आई अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारणीला सांगायची, "पोरगी नगरला एमआयडीसीत भिंगातून कायतरी बघती." मी फोनवर म्हणायचे, अगं, ते भिंग आवाजाचं आहे. क्वार्ट्झचा बोटभर दांडा, त्याच्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढी खोलगट वाटी. दांड्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज खाली येतो आणि त्या वाटीमुळे एका ठिकाणी गोळा होऊन वस्तूच्या आत शिरतो. थर एकमेकांना नीट धरून असतील तर तो पार तळापर्यंत जाऊन परत येतो. कुठे सुटले असतील तर तिथूनच मागे फिरतो, आणि कॉम्प्युटरवरच्या चित्रात तेवढा काळा डाग पडतो. या आवाजाला हवेतून जाता येत नाही, म्हणून भिंग आणि वस्तू दोन्ही पाण्यात बुडवायच्या.

"म्हंजी दिवसभर पाण्यात हात," आई म्हणाली. "मग इथं भात लावायला काय वाईट हुतं?"

तर हे भिंग हाताळायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते, पण रुबाब दहा वर्षांचा होता. तेव्हा राहात्याहून पत्रे चिकटवून देणाऱ्या एका काकांकडून प्लेटांची खेप आली. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर तांब्याचा पत्रा, मध्ये चिकटद्रव्याचा पातळ थर. मी पहिली प्लेट तपासली. उजव्या कोपऱ्यात काळाकुट्ट गोल डाग. दुसरीतही तिथेच. आठवीपर्यंत डाग आपली जागा सोडेना, तेव्हा मी साहेबांकडे गेले आणि गंभीर आवाजात सांगितलं, "सर, सगळा लॉट सुटलाय."

साहेबांनी काकांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता. त्याला भिंगाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हजर. साठीचे, शर्टाच्या बाहीवर वाळलेल्या चिकटद्रव्याचे पापुद्रे. आल्या आल्या म्हणाले, "तीस वर्सं पत्रं चिकटवतोय मी. एका कोपऱ्यात मी रोज इसरतो व्हय? कापा एक प्लेट, माज्यासमोर."

वर्कशॉपमध्ये नेऊन डागावरूनच प्लेट कापली. दोन्ही धातू एकमेकांना असे घट्ट बिलगलेले की मधला थर शोधायला साहेबांना चष्मा पुसावा लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "भिंगाची वाटी खराब झाली असेल." भिंगाला काही बोलता येत नाही, ही माझी मोठीच सोय होती.

काकांनी मात्र हट्ट धरला, "मला तुमचं यंत्र चालताना बघायचंय." मी नवी प्लेट टाकीत सोडली, भिंग खाली आणलं. ते पाण्यात बुडून प्लेटवरून सरकायला लागलं. मी स्क्रीनकडे बघत होते, काका टाकीत वाकून प्लेटकडे.

"ताई," ते म्हणाले, "ह्यो बुडबुडा हाय न्हवं?"

मी वाकले. प्रत्येक प्लेटच्या उजव्या कोपऱ्यात काका हातोडीने नंबर ठोकत. त्या खोलगट आकड्यांत हवा अडकून ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा बसला होता. साध्या डोळ्यांना दिसत होता. आवाज बुडबुड्यावरच आपटून माघारी फिरत होता, प्लेटच्या आत शिरतच नव्हता. काकांनी बाही वर सारली आणि बोटाने तो बुडबुडा हलकेच पुसला. पुढच्या फेरीत चित्र स्वच्छ.

"काका, चुकलं माझं," एवढंच मी कसंबसं म्हणाले. साहेबांनी त्याच दिवशी लॉट पास केला आणि टाकीवर माझ्याच हातून कागद चिकटवून घेतला: 'आधी डोळ्यांनी बघा.'

काका रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना यंत्राचं भलतंच कौतुक वाटायला लागलं. आठवड्याभराने पिशवीतून एक प्लेट घेऊन आले. "ही मला सोताला पटंना. काय ते सांगत न्हाई. तुमी वळखा." ही माझी परीक्षा होती. मी आतली हवा निघून जावी म्हणून पाणी उकळून गार केलेलं घेतलं, ब्रशने प्लेटवरची हवा झाडली, भिंगाची वाटी पुसली, आणि चित्र आलं. डाव्या कडेला करंगळीएवढा काळा पट्टा. "इथे सुटलंय," मी म्हणाले. काकांनी मांडीवर थाप मारली. "बराबर! त्या टायमाला लाइट गेल्ती, रोलर अर्ध्यात थांबला हुता!"

मग त्यांनी मला राहात्याला त्यांच्या शेडवर बोलावलं. काकूंनी थालीपीठ खाऊ घातलं आणि काकांनी माझ्या हातात रोलर दिला. चिकटद्रव्य सारखं पसरायचं, पत्रा एका कडेने टेकवत न्यायचा, मधली हवा पुढे ढकलत काढायची. मी जीव ओतून एक प्लेट केली. काकांनी ती फिरवून बघितली आणि काकूंकडे बघत नुसते "हं" म्हणाले.

सोमवारी लॅबमध्ये गुपचूप ती भिंगाखाली घातली. चित्र पुरं व्हायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"ही चाळण कुणी पाठवली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं, सप्लायर नवीन आहे.