भिंतीला टेकवलेला वाघ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार गडचिरोलीच्या बसस्थानकासमोर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरभाऊंचे आहेत. हे त्यांना तोंडावर सांगितलं असतं, तर त्यातही त्यांनी चूक काढली असती.

तिथल्या पेंटरांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाकडे नेण्याआधी प्रत्येकाने आपलं काम भाऊंच्या भिंतीला टेकवायचं आणि चहा पीत सगळ्यांनी त्याचा पंचनामा करायचा. मीही त्यांच्यातच काम करायचो. घरातला पहिला पदवीधर, तोही चित्रकलेचा, म्हणून मला खास मान मिळे. मार्कंड्याच्या जत्रेतल्या नाटकासाठी मी पडद्यावर वाघ रंगवला, तेव्हा भाऊ म्हणाले, "मांजर मस्त जमली, सर. पण तिले पट्टे काऊन देल्ले?"

सगळे पोटभर हसले. मग आपापली कामं सोडून माझा पडदा सुधारायला बसले. संध्याकाळपर्यंत वाघाला वाघपण आलं. खाली सही मात्र भाऊंनी माझीच करायला लावली.

आता मी पुण्यात नोकरीला आहे. इथले चित्रकार फार सभ्य आहेत. माझं प्रत्येक चित्र त्यांना छानच वाटतं. माझा हात बिघडत चाललाय, हे फक्त मलाच दिसतं. म्हणून काल पत्र टाकलं:

"भाऊ, सोबत एक वाघ पाठवतो आहे. भिंतीला टेकवा, सगळ्यांना बोलवा. कोण काय बोललं ते लिहून कळवा. एकही शब्द गाळू नका."